बाबांची लाईन

पडद्यावरचा माणूस बोलता बोलता उघड्या तोंडानेच थिजला. त्याच्या नाकावर एक पांढरं चक्र गोल गोल फिरू लागलं आणि बैठकीत एकदम शांतता पसरली. स्वयंपाकघराच्या दाराआड प्राजक्ता हातात मोबाइल धरून उभी होती. आता काय होतं ते ती फटीतून पाहत होती.

रामराव थोडा वेळ त्या चक्राकडे पाहत राहिले. मग मांडीवरचा रिमोट त्यांनी शेजारी ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आपल्याशीच म्हणाले, "गेली लाईन."

एवढंच. शिवी नाही की आदळआपट नाही. टोपी डोक्यावर ठेवून ते अंगणात गेले आणि कडुनिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसले.

प्राजक्ता मोबाइलवरच्या त्या इवल्याशा बटणाकडे पाहतच राहिली. जे डॉक्टरांना साधलं नव्हतं, नवऱ्याला साधलं नव्हतं, तिच्या विनवण्यांनी झालं नव्हतं, ते आत्ता तिच्या अंगठ्याने भिंतीच्या या बाजूला उभं राहून केलं होतं.

रामराव तिचे सासरे. त्यांचं उभं आयुष्य दर्यापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलं. शेतकऱ्याच्या गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, सरकी बाजूला काढायची, रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायची आणि धागा केवढा भरतो ते सांगायचं. सासूबाई, मैनाबाई, गेल्या आणि ते अमरावतीला साईनगरात मुलाकडे राहायला आले. तोवर त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरत, मग आजचा वार, मग मैनाबाई गेल्या हेच. "मैना कुठं आहे वं?" ते विचारत. पहिल्या काही वेळा प्राजक्ताने खरं सांगितलं. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळले. मग ती सांगू लागली, "दर्यापूरले गेल्या, बाबा. येतात." ते समाधानाने मान हलवत.

नितेश, तिचा नवरा, अकोल्याला बियाण्यांच्या गोदामात कामाला होता. सोमवारी सकाळच्या गाडीने जायचा, शनिवारी यायचा. बाबांचा वेळ जावा म्हणून त्याने टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक काडी खोचून दिली आणि घरच्या वायफायवर जगभरचं सगळं त्या पडद्यावर येऊ लागलं. प्राजक्ता घरीच बसून वकिलांची कागदपत्रं टाइप करायची. सकाळी बाबांना भजन लावून दिलं की ती निर्धास्त कामाला लागे.

पण भजन संपलं की टीव्ही आपल्या मनानेच पुढचं लावी. भजनातून कीर्तन, कीर्तनातून बातम्या, बातम्यांमधून एकमेकांवर ओरडणारी माणसं, मग अपघात, मग पूर. रामरावांना ती माणसं बैठकीतच बसलेली वाटत. "याइले पानी दे न सूनबाई, मघापासून बोंबलून रायले," ते म्हणत, तेव्हा सुरुवातीला तिला हसू येई. एका दुपारी कुठल्या तरी गावाचा पूर दाखवत होते. रामराव उठले आणि अनवाणीच दाराकडे निघाले. "दर्यापूर वाहून चाललं. मैना तिकडं आहे," म्हणाले. प्राजक्ताने टीव्ही बंद करायला रिमोट घेतला, तर त्यांनी तिचं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

नितेशने रिमोट लपवून पाहिला. बाबांनी घरभर उलथापालथ केली आणि शेजारच्या इंदूबाईंनीच तो चोरला असं ठरवून टाकलं. त्या हळदीकुंकवाला आल्या तर दारातच म्हणाले, "हे बाई आत नाई पायजे." इंदूबाई वाण हातात घेऊन तशाच परत गेल्या.

डॉक्टर म्हणाले होते, "बघणं कमी करा. पण त्यांच्याशी वाद घालू नका, हातातून काही हिसकावून घेऊ नका." ही दोन्ही कामं एकदम कशी करायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग एकदा खरंच कॉलनीतली डीपी, विजेच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी, जळाली. सगळ्या घरांचे दिवे गेले, पंखे थांबले, टीव्हीही गेला. प्राजक्ता धास्तावून बैठकीत आली. रामराव शांतपणे उठत होते. "गेली लाईन," म्हणाले आणि बाहेर बाजेवर जाऊन पडले. सांजेला ज्वारीची भाकर आणि ठेचा मागून जेवले, लवकर झोपले. कुणावर राग नाही. तिला तेव्हा जाणवलं की या माणसाचा सारा जन्म भारनियमनात गेला आहे. लाईन जाते यात कुणाचा दोष नसतो. ऊन पडतं, पाऊस पडतो, तशी लाईन जाते. आणि जी गोष्ट कुणी केलेली नसते, तिच्याशी बाबा भांडत नाहीत.

वायफायचा श्याम वायर जोडायला आला तेव्हा तिने विचारलं, "श्यामभाऊ, टीव्हीचंच नेट जाईन अन् माह्या कॉम्प्युटरचं राहीन, असं होते काय?"

"होते न वहिनी. परीक्षा आल्या का लोकं हेच विचारतात मले. केवढं आहे लेकरू?"

"पंचाहत्तरीच्या पुढचं," ती म्हणाली. श्याम आधी हसला, मग अंगणात बाजेवर बसलेल्या रामरावांकडे पाहून त्याने हसू आवरलं.

त्याने तिच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. भिंतीवरच्या वायफायच्या वीतभर पेटीला घरातलं एकेक यंत्र ठाऊक होतं. तिचा मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्हीची काडी, सगळी नावं एकाखाली एक. ज्याला हवं त्याला वेळ बांधून द्यायची, ती वेळ झाली की पेटी आपणहून त्याचं तेवढं नेट तोडणार, बाकीच्यांना कळणारही नाही. प्राजक्ताचं माहेर चांदूर बाजारकडचं, संत्र्याच्या बागेतलं. तिला एकदम भाऊ दिसला, प्रीतम, हातात फावडं घेतलेला. एका सरीचं पाणी बांधून दुसरीकडे वळवणारा. इतके दिवस वायफाय म्हणजे तिला हवेसारखं वाटायचं, सगळीकडे आपोआप पसरलेलं. आता कळलं की तेही पाणीच आहे आणि त्यालाही बांध घालता येतो.

टीव्हीच्या काडीचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून झालेलं होतं. "वळखू येईन असं देऊन द्या," श्याम म्हणाला. तिने पटकन लिहिलं, 'बाबा'. लगेच पडद्यावर ते नाव आलं आणि त्याच्याखाली बटण आलं, 'थांबवा'. ती त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. मग तिने नाव खोडून 'टीव्ही' असं लिहिलं.

पेटीला तिने सगळं नेमून दिलं. सकाळी भजनापुरतं चालू. मग जेवण आणि झोप होईस्तोवर बंद. संध्याकाळी थोडा वेळ चालू, दिवेलागणीनंतर पुन्हा बंद. पहिल्या दिवशी मात्र धीर होईना म्हणून तिने आपल्या हाताने बटण दाबून पाहिलं होतं. पुढे पेटीच सगळं करू लागली. रोज ते चक्र फिरायचं, रोज रामराव म्हणायचे "गेली लाईन" आणि बाजेवर जाऊन बसायचे.

त्या मोकळ्या वेळात काय होईल याची तिला कल्पना नव्हती. सुरुवातीला ते नुसते बसून राहत. मग एकदा प्रीतम माहेरून गादी भरायला कापूस घेऊन आला. तीन पिशव्या बाजेवर ठेवून तो चहा प्यायला आत गेला. प्राजक्ता कप घेऊन बाहेर आली तर रामरावांची पाठ ताठ झालेली. त्यांनी एका पिशवीतून बोंडाएवढा कापूस काढला होता. सरकी अंगठ्याने कधी निसटली ते दिसलंही नाही. मग दोन्ही चिमट्या जुळल्या, हलकेच दुरावल्या, पुन्हा जुळल्या, आणि बोटांत पांढरे धागे रेषेसारखे सरळ होऊन बसले. सकाळी शर्टाचं बटण लावताना हीच बोटं थरथरत होती.

"हा पह्यल्या वेच्याचा," ते म्हणाले. दुसऱ्या पिशवीत हात घातला. "यानं पानी खाल्लं, वेचाच्या आधी भिजला." तिसऱ्या पिशवीतलं ओढून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "फरदड आहे हे. शेवटचा कापूस. गादीत चालते, पन धागा नाई."

प्रीतम कप हातातच धरून उभा राहिला. "बाई, बराबर आहे वं," तो बहिणीला हळूच म्हणाला. "तिन्ही वेगवेगळेच आणलेत मी. तुले सांगाचं राहून गेलं."

रामरावांनी तिसऱ्या पिशवीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "काळ्या रानातला आहे?"

"हो मामाजी."

"बोंडं भरताना पानी कमी पडलं याले."

प्रीतमने नुसती मान डोलावली. ऐन बोंडं भरायच्या वेळी त्याची मोटर बिघडली होती. हे बहिणीलाही ठाऊक नव्हतं.

प्राजक्ता त्या दिवशी कामाला बसली ती नुसतीच बसली. बायको गेली हे ज्या डोक्यात राहत नाही, त्याच माणसाच्या बोटांच्या टोकांत मागच्या हंगामात न मिळालेलं पाणी कुठून आलं? हे सगळं त्यांच्यात आधीपासून होतं. टीव्हीचा गोंगाट थांबल्यावर ते वर आलं, विहिरीचा उपसा थांबवला की पाणी हळूहळू चढतं तसं. तिला देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं. नंतर तिने मुद्दाम थोडा कापूस बाजूला ठेवला. रोज दुपारी रामराव तो पाहत, निवडत, ओळी लावून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने.

शनिवारी नितेशने हे पाहिलं. लहानपणी तो जिनिंगमध्ये बाबांचा डबा घेऊन जायचा. बाजेच्या कडेला बसून तो बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिला. रविवारी संध्याकाळी मात्र टीव्ही चालू असताना बाबा पुन्हा बिघडले. "हे लोकं घरात कोनं घेतले?" म्हणत नितेशवरच धावून गेले. नितेश दुखावला गेला. सोमवारी तो अकोल्याला निघून गेला.

मंगळवारी सकाळी भजन लागलंच नाही. रामराव नेहमीच्या खुर्चीत बसून चक्राकडे पाहत होते. "लाईन आली काय वं?" थोड्या थोड्या वेळाने ते विचारत. प्राजक्ताने अ‍ॅप उघडलं. टीव्हीच्या नावापुढे लाल कुलूप होतं. तिने काही ते लावलं नव्हतं. मग लक्षात आलं, कनेक्शन नितेशच्या नावावर आहे, त्याच्याही मोबाइलमध्ये अ‍ॅप असणार. तिने फोन लावला.

"मीच बंद केला," नितेश म्हणाला. "चालूच कशाले ठेवाचा? दिवसभर शांत राहतात न ते?"

"शांत नाई ते. सकाळपासून वाट पाहून रायले. तू अकोल्यात बसून त्यांचं भजन बंद करतं?"

"त्यांच्याच भल्यासाठी करून रायलो मी. तुह्या हाताले लागलं होतं, विसरली?"

दोघंही चढ्या आवाजात बोलले. फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. बाज रिकामी होती. फाटक उघडं होतं.

ती तशीच धावत सुटली. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, देवळात पाहिलं, मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. तिथल्या गाड्यांच्या गर्दीत टोपी दिसते का ते पाहिलं. परत वळली तेव्हा पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी, डीपीच्या कुंपणाला लागून असलेल्या दगडावर तिला पांढरी टोपी दिसली. रामराव हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. शेजारी, पदर डोक्यावर घेऊन, इंदूबाई बसल्या होत्या.

"वायरमन येते म्हने," रामराव तिला पाहून म्हणाले. "लाईन गेली त कोनं तरी सांगाव लागते न त्याले. बसलो मंग."

"मी भाजी आणाले चालली होती," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "चला म्हटलं त उठत नाईत. मंग म्हटलं, मीबी थांबते वायरमनसाठी."

प्राजक्ताने इंदूबाईंचा हात धरला.

घरी आल्यावर रामराव पाणी प्यायले आणि खुर्चीत त्यांनी मान मागे टाकली. वर पंखा फिरत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांवरचा गढूळपणा निवळल्यासारखा झाला होता. असं अलीकडे क्वचितच होई.

"लाईन त आहे," ते म्हणाले. "पंखा फिरून रायला."

डीपी जळाली, मीटर बिघडलं, टीव्हीची तेवढीच लाईन गेली, काहीही सांगता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. प्राजक्ता त्यांच्यासमोर खाली बसली.

"लाईन जात नाई, बाबा. टीव्ही आमीच बंद करतो."

"काहून?"

"त्यातली मानसं भांडतात. तुमाले वाटते ते इथंच आहेत. मग तुमाले तरास होते."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "नाईत ते इथं?"

"नाई बाबा."

"मले त दिसतात." मग त्यांनी नजर पडद्यावरून काढली. "म्हंजे मले समजत नाई आता. कोनतं खरं अन् कोनतं खोटं."

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मैना दर्यापूरले नाई न?"

"नाई बाबा."

त्यांनी डोळे मिटले. या वेळी ते कोसळले नाहीत. हात खुर्चीच्या दांड्यावर शांत पडून होता. जरा वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "बंद करत जाय. मी नाई म्हनलं तरी बंद करत जाय. पन सांगून करत जाय, पोरी. मानूस बसलेला असते तिथं."

आपलं मन हातून सुटत चाललंय हे हा माणूस डोळे मिटून पाहत होता, आणि पाहून झाल्यावर त्याने स्वतःला तिच्या हाती सोपवलं होतं. फक्त एक अट घातली होती.

संध्याकाळी नितेशचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "मी ते अ‍ॅप काढून टाकलं. तूच पाय आता." आणि फोन ठेवताना, "मी उद्याच येतो."

दुसऱ्या दिवशी नितेश आला. रामरावांना मात्र यातलं काहीही आठवत नव्हतं. डीपी नाही, पंखा नाही. सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "मैना कुठं आहे वं?" पण टीव्ही सांगूनच बंद करायचा, हे प्राजक्ताने मनाशी कबूल केलेलं होतं. टीव्ही बंद व्हायच्या आधी ती जवळ जाऊन सांगू लागली, "बाबा, आता टीव्ही बंद होते हं." कधी ते "होऊ दे" म्हणत. कधी चिडत. एकदा तर त्यांनी पाण्याचा पेला भिरकावला. ती पुसून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगे. लाईन गेली म्हणणं किती सोपं होतं, असं त्या वेळी तिच्या मनात येऊन जाई.

मग एका संध्याकाळी तिने सांगितलं आणि रामराव उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. पडद्यावर एक माणूस बोट नाचवत कुणाला तरी जाब विचारत होता. त्याच्याकडे पाहून रामरावांनी दोन्ही हात जोडले. "बरं, येतो आता आमी," ते म्हणाले. पण तेवढ्यात वेळ भरली. पेटीने आपलं काम केलं, तो माणूस थिजला आणि चक्र फिरू लागलं. रामराव जोडलेले हात तसेच ठेवून थबकले, निरोप घेण्याआधीच यजमानाने पाठ फिरवावी तसे.

त्याच दिवशी प्राजक्ताने पेटीला नेमून दिलेल्या सगळ्या वेळा पुसून टाकल्या.

आता रोज संध्याकाळी ती मोबाइल घेऊन स्वतः त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहते. शनिवार-रविवारी नितेशही उभा असतो. ती सांगते. रामराव उठतात, टोपी नीट करतात, पडद्यासमोर जातात. तिथली माणसं ओरडतच असतात, त्यांचं इकडे लक्ष नसतं. रामराव एकेकाकडे वळून हात जोडतात, कुणी राहू नये म्हणून पुन्हा एकदा सगळ्यांवरून नजर फिरवतात. प्राजक्ताचा अंगठा बटणावर टेकलेला असतो. त्यांचे हात खाली येईपर्यंत ती तो दाबत नाही.